शेवटचा नर

जुलैच्या अखेरीस आम्ही रोज सकाळी मेलेले नर गोळा करतो. अँटेकायनस हा मुठीत मावणारा, उंदरासारखा दिसणारा, पण पिल्लं पोटावरच्या कातडीच्या घडीत वाढवणारा प्राणी. नराला आयुष्य जेमतेम वर्षभराचं. शेवटचे दोन-तीन आठवडे तो न झोपता माद्यांमागे धावतो. केस गळतात, कातडी फाटते, आतून रक्त वाहतं, तरी तो थांबत नाही. ऑगस्टमध्ये डोंगरावर एकही नर उरत नाही.

यंदा नर सत्तावीसच होते. वणव्यानंतर जात टिकेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून एक नर मी हंगामाआधीच उचलला. माद्यांपासून दूर ठेवला तर तो जगतो. त्याची पेटी आमच्या व्हरांड्यात होती.

"त्याला संसारातून वाचवलंस," माझा नवरा कॅलम म्हणाला. "आमच्या वेळी कुठं होतीस?"

सव्विसावा नर मेला त्या दिवसापासून कॅलम झोपेनासा झाला. जेवणही सुटलं. तो घराभोवती फेऱ्या मारायचा, धापा टाकत. कुंपणाच्या खांबावर त्याने मुठी फुटेपर्यंत ठोसे मारले. फाटकात अडकलेली वॉलबी, लहानखुरी कांगारूच ती, सोडवायला गेला आणि तिचं डोकं दगडाने ठेचून परत आला. बेसिनमध्ये त्याचे केस साचू लागले. मी त्याचं रक्त तपासलं. ताणाच्या संप्रेरकाचा जो आकडा आला, तो मी त्या महिन्यात सव्वीस वेळा लिहिला होता.

पेटीतला नर मात्र गुबगुबीत झाला होता.

वनरक्षक नोरीन चहाला आली. तिने कॅलमकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि कप तसाच ठेवला.

"सोडून दे त्याला, पोरी."

"सोडला तर मरेल तो."

"तेच म्हणतेय मी."

मी ऐकलं नाही. एका नरावर अख्खी जात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी उभी असताना कॅलमने मला मागून पकडलं आणि माझी मान दातांत धरली. नर मादीला धरतो तशी. मी कढई फिरवली. तो पडला. त्याच्या नाकातून रक्त आलं आणि तो रडायला लागला.

मी व्हरांड्यात गेले. पेटी उघडली. नर शांतपणे तळहातावर आला.

दोन बोटांत मान धरून मी एकदाच ओढली.

आत आले तेव्हा कॅलम पलंगावर होता. नाडी बहात्तर. बारा दिवसांनी त्याला झोप लागली होती.

मानेवर पट्टी बांधून मी पेटी आणायला बाहेर आले.

कठड्यावर माद्या बसल्या होत्या. भर उन्हात, ओळीने. मी मोजल्या: एकोणीस. आमच्या यादीतल्या सगळ्या. मी हातभर अंतरावर उभी होते, तरी एकही हलली नाही.

पेटीकडे एकीचंही तोंड नव्हतं. सगळ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीकडे पाहत होत्या. आत कॅलम संथ घोरत होता. तो श्वास घ्यायचा, तेव्हा एकोणीस छात्या एकदमच फुगायच्या.