चढावर बसणारी गाडी

गाडी त्याच चढावर का बंद पडते? मी मिस्त्रीला विचारलं, दादाच्या दोस्तांना विचारलं, पंचनाम्याला आलेल्या हवालदारालाही विचारलं. धड उत्तर कुणी दिलं नाही. हवालदार म्हणाला, आता ते कळून काय करणार? मिस्त्री म्हणाला, म्हातारी झाली रे ती, चढ दिसला की बसते, माझ्या सासूसारखी. दुकानातले सगळे हसले. मी हातातला पाना तिथेच टाकला आणि बाहेर पडलो.

दादा त्या चढावर गेला. गाडी बंद पडली म्हणून उतरला, बॉनेट उघडून कडेला उभा राहिला, आणि धुक्यातून आलेल्या टँकरवाल्याला तो दिसलाच नाही. गाडीचा फक्त आरसा फुटला.

त्याआधी कितीतरी महिने तो त्या एकाच दोषाच्या मागे होता. पंप बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर उघडून धुतला. गावात फिरवली तर गाडी एकदम शहाणी. लांब नेली आणि चढ लागला की धापा टाकायची, आचके द्यायची, थांबायची. जरा वेळ गेला की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

तशीच ती अंगणात उभी राहिली असती तर मी हातही लावला नसता. पण वहिनी नर्स आहे. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती, हॉस्पिटल चढाच्या पलीकडे, आणि पुतणीला तिथल्याच पाळणाघरात ठेवायचं ठरलं होतं. वहिनी म्हणाली, सोमवारपासून गाडी मी नेणार. मी भांडलो, किल्ली लपवली. तिने बाळाला खांद्यावर थोपटत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावजी, दोष काढा. नाहीतर किल्ली द्या."

दोष काढणारच, असं मी तोंडावर सांगितलं आणि रविवारी उजाडताच गाडी काढली. सोबत कुणाला घ्यावं एवढंही सुचलं नाही. माझं असंच असतं.

चढाला लागलो तेव्हा धुकं इतकं होतं की रस्त्याची कड दिसेना. काचेवर पाणी साचत होतं. गाडीने पहिली धाप टाकली. मग आचका. मग ती नेमकी तिथेच थांबली, जिथे टँकर घासून कठड्याचा रंग अजून खरवडलेला आहे. इंजिन गप्प झालं आणि तापलेल्या लोखंडाचा टिक... टिक... आवाज तेवढा उरला.

मी दिवे लुकलुकत ठेवले, मागे लांबवर दगड आणि फांद्या टाकल्या, आणि बॉनेट उघडलं.

बंद गाडी तपासायला दोन माणसं लागतात. एक बॉनेटपाशी, एक किल्लीपाशी. बॉनेटवाला 'मार' म्हणतो, किल्लीवाला स्टार्टर मारतो. आमच्यात दादा कायम पुढे आणि मी सीटवर. वर केलेल्या बॉनेटमुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज ऐकायचा. मी आधीच मारला की तो तिकडून ओरडायचा, "अरे शाळा नाही ही, घंटेच्या आधी पळायला."

प्लग काढला, वायरीला लावला, इंजिनला टेकवून धरला. आणि सवयीने म्हणून गेलो, "मार."

स्टार्टर फिरला.

प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडत राहिली. मग आवाज थांबला. माझा हात तसाच होता. किल्ली मी गाडीतच ठेवली होती. दार लागलेलं होतं. बॉनेटच्या पलीकडे कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. दोन पावलं बाजूला सरकलो असतो तर दिसलं असतं. सरकलो नाही. सरकलो तर किल्ली मारायला कुणी उरणार नाही, असं वाटलं. आणि मला दोष काढायचा होता.

ठिणगी चांगली होती. म्हणजे पेट्रोल. प्लग परत बसवला, कार्ब्युरेटरची नळी सोडवली, तिचं तोंड बाटलीत धरलं.

"मार..."

स्टार्टर फिरला. नळीतून एक थेंब आला. मग काहीच नाही. पंप नवा, नळी मोकळी, आणि टाकी भरलेली. नळी परत लावली आणि मान खाली घालून, खिडक्यांकडे न बघता, गाडीच्या मागे गेलो. टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीने श्वास घेतला. लांब, खोल, कुणी किती वेळ दाबून धरलेला असावा तसा.

झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचा एक गोल तुकडा कापून बसवलेला होता. वेडावाकडा, कात्रीने कुरतडल्यासारखा. असं कापणारा हात घरात एकच होता. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते त्या रबराखाली पुरतं बंद झालं होतं. पेट्रोल संपत जायचं, हवा आत यायची नाही, टाकी पेट्रोल धरून ठेवायची.

मला आठवलं. वहिनीला दिवस गेले तेव्हा गाडीत बसलं की पेट्रोलच्या वासाने उलटी व्हायची. दादा म्हणाला होता, बंदोबस्त करतो. दुसऱ्या दिवसापासून वास बंद. वहिनी किती खूश झाली होती. तो सगळ्या गाडीत दोष शोधत फिरला, एवढंच झाकण सोडून. ते तर त्याने स्वतः नीट केलं होतं ना.

हे वहिनीला कधी कळणार नाही. रबर ओरबाडून काढलं आणि दरीत फेकलं. झाकण नुसतंच लावलं.

मी 'मार' म्हटलं नव्हतं. तरी स्टार्टर फिरला आणि इंजिन एका दमात सुरू झालं. एकसारखं, मऊ.

बॉनेट पाडलं. सीटवर कुणी नव्हतं. पण गाडी ड्रायव्हरच्या बाजूला दबलेली होती, दादा बसला की दबायची तशी.

मी दार उघडून धरलं.

"दादा... कळलं रे. टाकीला हवा मिळत नव्हती, बस. आता उतर. उद्या वहिनी चालवणार आहे."

इंजिन चालत राहिलं. बऱ्याच वेळाने ती बाजू हळूच वर आली. माझ्या अंगावरून गार काहीतरी गेलं, ओल्या ग्रीसच्या वासाचं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी मागून खाली बसत होती. मागच्या सीटवर, जिथे उद्या पुतणीला झोपवायचं होतं तिथे.

मी त्याला पुन्हा उतर म्हटलं नाही. मागचं दार उघडलं, तिचं दुपटं उचललं, घडी करून पलीकडच्या कडेला ठेवलं आणि दोघांपुरती जागा केली.