टिकून राहिलेली ओळ

"माझ्या नोंदी कुठे गेल्या?"

तणतणत मी ऑफिसच्या खालच्या मजल्यावरच्या स्टोरेजच्या खोलीत शिरले, ती ही अशी. तिथलं काम बघणारा तो एका डिस्कवर चिठ्ठी चिकटवत होता. मनगटानं चष्मा वर सारत म्हणाला, "कंटेनर बंद केला होतात?"

"केला. परत चालूही केला."

"मग गेल्या. कंटेनर म्हणजे सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायचा तात्पुरता कप्पा; तो बंद पडला की आतलं सगळं जातं. टिकवायचं तर बाहेर वेगळी जागा लागते, व्हॉल्यूम. ती मी देतो… अर्ज भरल्यावर."

"आणि न भरल्यावर?"

"नुसतं भांडण मिळतं." आणि वर हसला, मेला!

अर्ज भरला. तीन आठवडे तो रांगेतच. का, तर नव्या डिस्क यायच्यात. रोज खाली जाऊन मी त्याला भंडावून सोडायची. खोलीत पंख्यांची घरघर, गारठा… तो खुर्चीवरचा स्वतःचा स्वेटर पुढे करायचा. काम व्हायचं नाही, पण वर यायला माझा पाय निघायचा नाही. घरी ताई म्हणायची, "अख्ख्या जगाशी भांडतेस, आणि मनातलं सांगायची वेळ आली की दातखीळ!"

खरंच होतं. म्हणून मी एक चाळा सुरू केला. कंटेनरमध्ये चाचणीची एक फाइल होती. तिच्यात मनातलं लिहायचं, कंटेनर बंद करून परत चालू करायचा. फाइल कोरी! 'निळा शर्ट छान दिसतो तुला.' गेलं. 'स्वेटर परत द्यावासा वाटत नाही.' तेही गेलं. बोलल्याचं समाधान, आणि कुणाला पत्ता नाही.

मग कळलं, त्याची बदली झालीय. दुसऱ्या शहरात. शुक्रवारी सकाळीच निघणार.

गुरुवारी खाली गेले. "माझ्या अर्जाचं तेवढं बघा…" एवढंच सुचलं मला!

"बघतो," तो म्हणाला. तो काही बोलेल म्हणून मी थांबले. तोही थांबला… मग फोन वाजला.

जागेवर येऊन फाइल उघडली. मग लिहिलं, 'जाऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही. पण तू मला फार आवडतोस. फार.' कंटेनर बंद केला, चालू केला आणि न बघताच घरी गेले.

शुक्रवारी त्याची खुर्ची रिकामी होती. स्वेटर मात्र तिथेच. तो उचलून वर आले, सवयीनं फाइल उघडली. ओळ जशीच्या तशी! मी लिहायच्या आधीच त्यानं व्हॉल्यूम जोडला होता. आणि माझ्या ओळीखाली —

'जागा टिकते का तपासायला फाइल उघडली. टिकते. वाचायला नको होतं, पण चार वेळा वाचलं. आता माझंही ऐक. डिस्क पहिल्याच आठवड्यात आल्या होत्या. अर्ज मंजूर केला असता तर तू खाली आली नसतीस… ही जागा कुणी पुसू नये अशी नोंद करून ठेवलीय. तिकडूनही मला ती दिसेल. रोज एक ओळ लिहिशील?'

तीन आठवडे! लबाड कुठला! रागावू की रडू, कळेना. दोन्ही केलं.

मग लिहिलं, 'वर तक्रार करणार आहे तुझी. पोचलास का? जेवलास का?'

कंटेनर बंद केला. चालू केला. डोळे घट्ट मिटून उघडले… होती, ओळ होती.

मी स्वेटर अंगात घातला आणि त्याच्या उत्तराची वाट बघत बसले.