तीन डिग्रीचा कोन

गेले चौदा महिने भानुदासची गाडी ड्राइव्हवेवर उन्हापावसात उभी राहत होती, कारण गॅरेजमध्ये संघमित्राची किट कार, म्हणजे सुटे भाग मागवून घरीच जोडायची गाडी, स्टँडवर चढवलेली होती. नागपूरला मेकॅनिकल शिकलेली संघमित्रा भानुदासशी लग्न झाल्यावर ओहायोतल्या या डब्लिनला आली ती नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर, आणि नऊ वर्षं घरी बसली. आता नोकरी होती. तरी एक गाडी स्वतःच्या हातांनी उभी करायचीच, असं तिने ठरवलं होतं.

शेवटचं मोठं काम ड्राइव्हशाफ्टचं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा हा लांब दांडा दोन्ही टोकांना सारख्याच कोनात बसावा लागतो, नाहीतर गाडी थरथरते. तिने दोन्हीकडे तीन डिग्री जमवल्या, बोल्ट आवळले आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते.

पुढच्या शनिवारी मागचं टोक साडेचार दाखवत होतं. रेघा अखंड होत्या.

"काँक्रीट खचलं असेल," भानुदास म्हणाला.

तिने लेव्हल लावली. जमीन सपाट होती. तिने कोन पुन्हा जमवला. पुढच्या शनिवारी सहा. ऑक्टोबरचा गारठा होता, हातातले पाने बर्फासारखे लागत होते, आणि शाफ्ट मात्र कोमट होता.

"विकून टाक ना यार," भानुदास दारातूनच म्हणाला. हल्ली तो आत येत नसे.

"का?"

"मला नाही आवडत ती."

"मला आवडते," ती म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली सरकली.

भर दुपार होती. शेजारी लॉनमोअर चालू होता. तिने सगळे बोल्ट सैल केले, कोन जमवला, आणि आवळायला हात वर नेला तेव्हा लॉनमोअर ऐकू येईनासा झाला.

शाफ्ट तिच्या मुठीत फिरू लागला. सावकाश. मागची चाकं स्थिर होती.

तिने दोन्ही हातांनी तो धरला. मनगटं भरून आली. पलीकडून जोर वाढला.

"नऊ वर्षं गप्प बसले," ती दातांवर दात रोवून म्हणाली. "आता नाही. सोड."

जोर थांबला.

तिने एकेक बोल्ट आवळला. पुढे तीन. मागे तीन. आठवडाभराने तपासलं, तेव्हाही तीनच.

रविवारी सकाळी तिने गाडी बाहेर काढली. भानुदास बसायला आला नाही. ती एकटीच नदीकाठच्या रस्त्याने गेली, साठच्या वेगाने. गाडी जराही थरथरली नाही. ती मोठ्याने हसली.

एका पार्किंगमध्ये थांबून तिने न्यूट्रल टाकला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. कोपर दोन सीटांमधल्या उंचवट्यावर टेकलेलं होतं.

पत्र्याखाली शाफ्ट फिरत होता. एका लयीत, जराही न थरथरता.

तिने कोपर उचललं नाही.

हळूहळू त्याचा वेग वाढू लागला.