काच आंधळी कशाने झाली?

“आत्ताच्या आत्ता किल्ली ठेव आणि चालता हो!” मामा गरजले.

त्यांच्या लाँड्रीच्या गाडीने नुकताच फाटकाचा खांब पाडला होता. बारा वर्षे निष्कलंक सेवा केलेला चालक मान खाली घालून उभा होता.

“मालक, काच एकाएकी आंधळी झाली. समोरचं काही दिसेना!”

“खोटारडा! मी आलो तेव्हा काच लख्ख होती. डुलकी लागली होती तुला! दुपारी नवा माणूस येतोय.”

सुट्टीला आलेली तीन भाचरे पायरीवरून हा कलह ऐकत होती: तेरा वर्षांची ताई, वादात कधीही न हरणारा म्हणून ‘वकील’ म्हणवला जाणारा तिचा भाऊ आणि शेंडेफळ चिमी.

“मामा, आरोपीची बाजू ऐकून...” वकिलाने तोंड उघडले.

“तू गप्प बस! मोठ्यांच्यात नाक खुपसायचं नाही!” मामा पाय आपटत आत गेले.

ताई तडक गाडीत शिरली. पुढच्या काचेवर आतल्या बाजूने तळव्याचे फराटे उमटले होते.

“काका, काच तुम्ही पुसलीत?”

“पुसून पुसून हात दुखला, पोरी! सामान उतरवायला दारं उघडली, तर काच आपोआप साफ! मग मालकांना पटणार कसं?”

“झोपलेला माणूस काच पुसतो होय?” वकील उसळला.

“इथे बघा!” चिमी ओरडली. “दोन बटणांवर चिकटपट्टी!”

“मालकांचा हुकूम,” चालक म्हणाला. “थंडीत एसी लावायचा नाही, बाहेरची गार हवा आत घ्यायची नाही. आतलीच फिरवायची.”

“आणि मागे काय होतं?” ताईने विचारले.

“ओल्या चादरींची गाठोडी.”

ताईचे डोळे चमकले.

घटकाभरात तीच गाठोडी पुन्हा गाडीत चढली. भाचरांनी मामांना गाडीत बसून बघायला बोलावले. ते येईनात, तेव्हा वकिलाने कामगारांदेखत विचारले, “घाबरलात?”

“मी? कार्ट्या, तुझे कानच उपटतो!” म्हणत मामा चालकाच्या जागी बसले. वकील त्यांच्या शेजारी बसला. दारे मिटली, उभ्या गाडीचे इंजिन सुरू झाले. ताई समोर बोटे उंचावून उभी राहिली.

“किती बोटं, मामा?” मागच्या आसनावरून चिमीने विचारले.

“तीन! नाही, दोन... अरे, हे धुकं कुठून आलं?”

“चादरींतून आणि आपल्या श्वासातून! वाफेला बाहेर जायला वाटच नाही, मग ती गार काचेवर बसणार!” वकील म्हणाला.

वकिलाने चिकटपट्ट्या टरकन ओढल्या, बाहेरची हवा घेतली आणि एसी लावला. उष्णतेची कळ मात्र गरमवरच ठेवली.

“मूर्खा, गरम हवा आणि एसी एकदम?”

“एसी हवा वाळवतो, मामा! त्याच्या गार नळ्यांवर वाफेचं पाणी होऊन गळतं. कोरडी हवा मग गरम होऊन काचेवर येते.”

धुके खालून वर विरत गेले. काचेपलीकडे ताईची चार बोटे स्वच्छ दिसली, आणि तिच्यामागे हाताची घडी घालून उभ्या मामीही!

मामा उतरले. “नव्या माणसाला नको म्हणून कळवतो. तूच ये उद्यापासून,” ते चालकाला पुटपुटले.

चालक जागचा हलला नाही. “येईन, मालक. पण खोटारडा सगळ्यांसमोर म्हणालात.”

आत कामगारांच्या इस्त्र्या थांबल्या. मामांचा चेहरा लाल झाला.

“तू खोटं बोलला नाहीस,” अखेरीस ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. “चूक माझ्या हुकमाची होती.”

मामींनी तिन्ही भाचरांना जवळ ओढले. “शाब्बास रे! बारा वर्षं जवळ असलेला माणूस यांना कळला नाही, तुम्हाला एका सकाळीत कळला!”