घाईबाई, हळूबाई आणि ढब्बूचं डोकं

"आजी, चार हळूबाई बऱ्या की दोन घाईबाई?"

शलाकाने प्रश्न विचारला आणि दाराआड लपलेल्या तिच्या मैत्रिणी नाझनीन आणि किमया तोंडावर हात दाबून खालीच बसल्या. पैज त्यांचीच होती. बोकीलआजींना हा प्रश्न, अगदी याच शब्दांत, न हसता विचारून दाखवायचा! आजी म्हणजे डॉ. कुमुद बोकील. उपग्रहांसाठी कॉम्प्युटर बनवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता त्या शाळेमागच्याच घरात दुर्बीण घेऊन राहत. त्यांना प्रश्न विचारला की उलट प्रश्नच पदरात पडतो, अशी त्यांची ख्याती होती.

गेल्या वर्षीची शलाका असती तर दारातूनच पळाली असती. पण वक्तृत्व स्पर्धेत तिला स्वतःचा आवाज सापडला होता आणि नववीत आल्यापासून तो काही केल्या बंद होत नव्हता.

आजींनी चष्मा कपाळावर चढवला. "कशासाठी बऱ्या?"

"म्हणजे... एकदम बऱ्या. सगळ्यात बऱ्या!"

"असं काही नसतं," आजी म्हणाल्या. "त्या दोघींनाही आत बोलाव. दाराखालून चपला दिसतायत."

टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता आणि त्यात दोन जुने प्रोसेसर (कॉम्प्युटरचं डोकं, म्हणजे सगळी आकडेमोड जिथे होते ती चिप) होते. दोन्ही एकाच घराण्यातले, एकाच खोबणीत बसणारे. आजींच्या तरुणपणी सगळ्यात स्वस्त कॉम्प्युटरमध्ये असलेच प्रोसेसर असायचे. आता जुन्या बाजारात दोन्ही एकाच किमतीला मिळत, तेही कुणी विचारलं तर.

एकात दोन कोअर (प्रोसेसरच्या आतला, स्वतंत्रपणे काम करणारा भाग) होते आणि त्याचा वेग होता ३.६ गीगाहर्ट्झ (एका सेकंदात तीन अब्ज साठ कोटी ठोके, प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकतं). दुसऱ्यात कोअर चार होते, पण वेग फक्त २.४. पहिल्याचं नाव मुलींनी घाईबाई ठेवलं होतं, दुसऱ्याचं हळूबाई.

"मोठा आकडा म्हणजे भारी, संपला विषय," नाझनीन म्हणाली.

"चार दोनपेक्षा मोठेच असतात, दुसरीतल्या पोरालाही कळतं," किमयाने तोंड वाकडं केलं.

"यातला एकच देईन हं," आजींनी आधीच बजावलं. "उरलेला माझ्या दुर्बिणीला लागणार आहे. तिचं डोकंही बिघडलंय."

शलाका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. घड्याळ पुढे पळत होतं आणि संध्याकाळी पाच वाजता भंगाराची गाडी ढब्बूला न्यायला येणार होती.

ढब्बू हा शाळेचा सोबती-यंत्रमानव. बार्शीच्या बाहेरच्या रस्त्यावरून आता चालकाशिवायचे ट्रक धावतात, आणि तो रस्ता ओलांडून बालवाडीच्या मुलांना शाळेत आणायचं काम ढब्बूचं. पोटाने गोल, चालताना किंचित डुलणारा. शलाकाही लहानपणी त्याचंच बोट धरून आली होती. मागच्या आठवड्यात त्याचा प्रोसेसर जळाला. त्याच्या जातीचे यंत्रमानव बनणं कधीच बंद झालं होतं, कंपनीकडे सुटे भाग मिळेनात. पण आजींच्या डब्यातले जुने प्रोसेसर त्याच्या खोबणीत बसणारे होते. मुख्याध्यापिका गुंजाळबाईंनी एवढंच कबूल केलं होतं, "पाचच्या आत त्याने पटांगणातला खोटा रस्ता पाच मुलांना घेऊन नीट ओलांडून दाखवला, तर गाडी परत पाठवीन."

"शर्यत लावू या!" शलाका म्हणाली. "दोघींना एकच अवाढव्य गणित द्यायचं. पहिली येईल ती आपली."

"तुला खात्री आहे, हीच परीक्षा घ्यायची?" आजींनी विचारलं.

"आजी, वेळ नाहीये!"

आजींनी दोघींना टेबलावरच्या दोन जुन्या कॉम्प्युटरांत बसवलं. गणित असं होतं की प्रत्येक पायरीचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पायरी सुटायचीच नाही. घाईबाईने ते चुटकीसरशी सोडवलं. हळूबाई मागे राहिली, चांगलीच मागे. नाझनीनने टाळ्या पिटल्या. शलाकाने घाईबाई उचलली, हळूबाई डब्यात टाकून डबा आजींच्या हातात कोंबला आणि "चला, चला ना आजी!" करत सगळ्यांना पुढे घालून पटांगणात धावत सुटली.

आजींनी ढब्बूच्या डोक्याचं झाकण उघडून घाईबाई खोबणीत बसवली. ढब्बूचे डोळे निळे झाले.

"शलाका, तुझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली आहे," तो म्हणाला.

"ओळखलं! त्याने मला ओळखलं!"

"का नाही ओळखणार?" आजी म्हणाल्या. "आठवणी प्रोसेसरमध्ये नसतात, त्या वेगळ्या साठवणीत असतात. डोकं बदललं, वही तीच आहे."

खडूने आखलेल्या रस्त्यावर सातवीची पोरं ढकलगाड्या घेऊन ट्रक झाली. बालवाडीची पाच मुलं ढब्बूला चिकटली आणि एकदम बोलायला लागली. एकीचं केळं पडलं. एकजण उलट्या दिशेने निघाला. छोट्या भार्गवने ढब्बूचं बोट ओढत विचारलं, "ढब्बू, तुला आमची आठवण आली का?"

ढब्बूने पाय उचलला. आणि तो तसाच राहिला.

"ढब्बू?"

"थां... थां..." पाय हवेत, मान अर्धी वळलेली. डावीकडून ढकलगाडी आली आणि थेट त्याच्या पोटावर आदळली. सातवीची पोरं खो-खो हसली. कुणीतरी ओरडलं, "अरे, पुतळा उभारलाय!"

शलाकाचे कान तापले. गुंजाळबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ते तिला जास्त लागलं.

"मी ठरवलं ना," ती पुटपुटली. "मीच शर्यत लावली. आणि शर्यत तर तीच जिंकली होती!"

"मग शर्यतीत काय होतं आणि इथे काय होतं, ते बघ," आजी म्हणाल्या. "तोवर मुलांना पाणी पाजून आण. उन्हात उभी आहेत बिचारी."

शलाका पाच बाटल्या छातीशी धरून मुलांना घेऊन निघाली. शाळेत पाण्याच्या दोन जागा होत्या. नव्या टाकीला दोन नळ होते, धार अशी की बाटली हातातून उडावी. जुन्या टाकीला चार नळ, पण बारीक धारेचे. ती सवयीने नव्या टाकीकडे धावली. एक बाटली झटकन भरली. दुसरी भरली. पण मागे अख्खी सहावी रांगेत उभी होती आणि रांग हलत नव्हती. पलीकडे जुन्या टाकीपाशी चार-चार पोरं एकदम बाटल्या भरत होती आणि बाजूला होत होती.

शलाका थबकली. तिने सहावीतल्या पोरांना कामाला लावलं. जोरदार नळाखाली तीन बाटल्या भरेपर्यंत बारीक नळाखाली दोन भरत होत्या. म्हणजे दोन नळांवर मिळून सहा. आणि चार नळांवर?

"आठ!" ती एवढ्याने ओरडली की भार्गव दचकला. ती तशीच ओल्या हातांनी पटांगणात धावली. "आजी! कोअर म्हणजे नळ! गीगाहर्ट्झ म्हणजे धार!"

"बरं. मग शर्यत घाईबाईने का जिंकली?"

"कारण..." शलाका जागच्या जागी उड्या मारत होती. "कारण ते गणित म्हणजे एकच बाटली होती! एक पायरी झाल्याशिवाय पुढची नाही. एक बाटली दोन नळांखाली कशी धरणार? तिथे नळ कितीही असू देत, उपयोग एकाचाच. मग जोरदार धारच जिंकणार."

"आणि ढब्बू?"

"त्याच्याकडे खूप बाटल्या! पाय सांभाळायचे, ट्रक बघायचे, मुलं मोजायची, बोलायचं. चार कामं एकाच वेळी. घाईबाईकडे नळ दोनच. मग ती एक बाटली काढते, दुसरी लावते, परत पहिली लावते..."

"आणि प्रत्येक अदलाबदलीत थोडं पाणी सांडतं," आजींनी वाक्य पूर्ण केलं. "काम बदलायलाही वेळ जातो. शिवाय हात लाव इथे."

ढब्बूचं डोकं तव्यासारखं तापलं होतं.

"वेग वाढवायचा तर जास्त दाबाने वीज द्यावी लागते, म्हणून ती तापते. फार तापली की जळू नये म्हणून आपणहून मंदावते. या बंद डोक्यात पंखा केवढासा! हळूबाईचे चारही कोअर शांतपणे चालतात, बॅटरीही पुरते."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?" शलाका जवळजवळ रडकुंडीला आली होती. "पावणेपाच झालेत!"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

नाझनीन मध्येच म्हणाली, "नसतं ऐकलं, आजी. आम्ही हिला पहिलीपासून ओळखतो."

हळूबाई बसली. डोळे निळे व्हायला इतका वेळ लागला की शलाकाने नखं खाल्ली, मग किमयाचीही खायला घेतली. "हळूबाईच ती," किमया हात ओढून घेत म्हणाली. "पण आजी, हिला ट्रक उशिरा दिसला तर?"

"चांगला प्रश्न आहे. मोजून बघा."

नाझनीनने ढकलगाडी जोरात सोडली. ढब्बूने मान वळवली, घाईबाईपेक्षा किंचित उशिरा, पण गाडी निम्म्यातसुद्धा आली नव्हती तेव्हाच त्याचा हात आडवा झाला होता.

"पुरेसा वेग आहे," शलाका हळूच म्हणाली. तो शब्द तिने पहिल्यांदाच वापरला होता. पुरेसा.

पटांगणाबाहेर भंगाराची गाडी येऊन थांबली. तिच्या मागोमाग शलाकाचे आईबाबाही फाटकातून आत आले.

मुलं पुन्हा चिकटली, पुन्हा एकदम बोलायला लागली. ढब्बूने पाय उचलला. शलाकाने डोळे मिटले, मग राहवेना म्हणून एक उघडला. पाय खाली टेकला! दुसरा उचलला. उजवीकडून ट्रक, हात आडवा, पाचही मुलं थांबली. उलट्या दिशेने निघालेल्याला त्याने डाव्या हाताने अलगद वळवलं. "केळं नंतर देतो," हे तो तेवढ्यात रडणारीला म्हणालाही. डुलत डुलत, डुलत डुलत, तो पलीकडच्या खडूच्या रेघेवर पोचला.

पटांगण टाळ्यांनी दणाणलं. गुंजाळबाई फाटकाकडे गेल्या आणि भंगारवाल्याला त्यांनी हाताने "जा" असं केलं.

गलका ओसरला, तेव्हा ढब्बू भार्गवकडे वाकला. "तू मघाशी विचारलंस," तो म्हणाला. "मी बंद होतो, त्यामुळे या आठवड्यात नाही आली आठवण. पण दर रविवारी येते."

भार्गवने त्याच्या गोल पोटाला मिठी मारली.

आजींनी घाईबाई पदराने पुसली. "ही दुर्बिणीला. फिरत्या आकाशात एकाच ताऱ्यामागे जायचं. एक माप घेतलं की मगच पुढचं. एकच लांब बाटली. हिच्यासारखी दुसरी नाही."

"म्हणजे किंमत एक, पण कामाप्रमाणे मोल वेगळं," शलाका म्हणाली. "आजी, आणखी किती शाळांत असे ढब्बू बंद पडलेत?"

"कोपऱ्याकोपऱ्यात उभे आहेत, ताडपत्री घालून."

"आणि जुन्या बाजारात किती हळूबाई?"

"जाऊन मोजून बघ," आजी हसून म्हणाल्या.

तेवढ्यात बाबा मोबाइल पुढे करत आले. "शलाका, तुझा वाढदिवसाचा कॉम्प्युटर. सगळ्यात वेगवान म्हणाली होतीस ना? महिनाभर डोकं खाल्लंस. हे बटण दाबलं की झालं."

"लवकर बघ गं," आई म्हणाली. "नंतर हा नको, तो हवा, असं चालायचं नाही."

शलाकाचं बोट बटणापर्यंत गेलं. आकडा खरंच मोठा होता. मग तिने हात मागे घेतला आणि ओले तळवे फ्रॉकला पुसले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. बटण दाबायचं नाही. मला कॉम्प्युटरकडून काय काम करून घ्यायचंय, ते आधी मी शोधणार. मग जुन्या बाजारात जाऊन त्या कामाचं डोकं शोधणार, आणि माझा कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार. पण त्याच्याआधी ताडपत्रीखालचा एक ढब्बू जागा करायचाय. उद्याच. आणि बाबा, तुम्ही मला तिथे सोडायला यायचंय, पण स्कूटर हळू चालवायची!"