उशीवरचा आकडा

दुपारी जेवणं आटोपली की नवऱ्याच्या डोक्यावर मशीन धरायचं, हे तिचं रोजचं काम होतं. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या कवटीत सेन्सर बसवला होता. बाहेर वायर नाही, काही नाही. केसांवर मशीन टेकवलं की आतला दाब पडद्यावर दिसे. आकडा चढला तर उशी उंच करायची, तरीही उतरला नाही तर हॉस्पिटल गाठायचं. तिथला टेक्निशियन घरी येऊन सगळं शिकवून गेला होता. नवरा त्याला 'माझ्या डोक्याचा मिस्त्री' म्हणे.

"बघ, किती भरलंय डोक्यात!"

"हवा असेल," ती म्हणे.

एका दुपारी आकडा चढला तो उतरलाच नाही. नवरा हॉस्पिटलातच वारला. सेन्सर डॉक्टरांनी काढून घेतला. मशीन मात्र घरीच राहिलं.

दिवसकार्य आटोपून माणसं पांगल्यावर, निव्वळ सवयीने, तिने ते रिकाम्या उशीवर धरलं. आकडा आला. चढता. घाबरून तिने खाली आणखी एक उशी सारली. आकडा हळूहळू उतरला.

मग ती घराबाहेर पडेनाच. त्याचं डोकं अजून दुखतंय आणि ते फक्त आपल्यालाच कळतंय, एवढंच तिच्या मनाने घेतलं.

धाकटा भाऊ आला. त्याने मशीन धरून पाहिलं. पडदा कोरा.

"ताई, भाऊजी सुटले गं. आता तूही सुट."

"सुटले असते तर..." ती उशी नीट करू लागली.

भावाने गादी गुंडाळली, उशा माळ्यावर टाकल्या आणि मशीन हॉस्पिटलात देऊन तो परस्पर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. मिस्त्री होता.

"वहिनी, मशीन इथे कपाटात आहे... बंद. पण आकडा येतोय. चढतोय." तो घुटमळला. "तुम्ही... उशी काढलीत का?"

तिने धडपडत उशा खाली ओढल्या, गादी पसरली, उशीवर उशी रचली.

"आता?"

"नाही... अजून चढतोय."

खोलीत नवऱ्याच्या टाक्यांवरच्या मलमाचा वास दाटला. काही सुचेना, तेव्हा फोन कानाशी धरून ती त्याच्या जागी आडवी झाली. उशीला डोकं टेकताच कानशिलात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

पलीकडून सुस्कारा ऐकू आला.

"उतरतोय, वहिनी... उतरला."

तिला रडू फुटलं. उठण्यासाठी तिने हात टेकला.

"उठू नका..." तो अगदी हळू म्हणाला.

आडवी झाल्याचं तिने त्याला सांगितलंच नव्हतं.