टेपवरचे सात श्वास

थोरल्या भावाला तिसरी मुलगी झाली, त्याच वर्षी मास्तर गेले. मला रडू आवरेना. वहिनी म्हणाली, बाळ गप्प पडलंय आणि आत्याच रडतेय, काय म्हणावं या घराला.

मास्तर स्वतःच गाणी रचायचे आणि गिटार घेऊन स्वतःच गायचे. त्यांच्या रेकॉर्डी लोकांच्या घरी होत्या, तरी तीच माणसं पुन्हा पुन्हा आमच्या सभागृहात यायची. कारण समोर बसलं की तेच गाणं दर वेळी निराळं व्हायचं. मी तिथे पडदा ओढायचे. अक्षरओळख नव्हती मला, पण मास्तरांचा श्वास ओळखायचे. शेवटचं गाणं संपलं की ते डोळे मिटून बसत. लोकही गप्प. मी त्यांचे सात श्वास मोजायचे आणि दोरी ओढायचे. टाळ्या त्यानंतर.

वर्षभराने त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला. मंचावर त्यांची रिकामी खुर्ची, आणि शेवटच्या कार्यक्रमाची टेप. ती नीट करायला एक माणूस येणार होता. तो आला तेव्हा मी पायऱ्या पुसत होते. ओल्या पायरीवरून घसरून तो थेट माझ्या बादलीशेजारी येऊन बसला, पण खोकं मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं.

"टेप वाचली," तो बसल्या बसल्या म्हणाला.

"आणि कंबर?"

"तिचं बघू नंतर."

आठ दिवस तो मंचामागच्या खोलीत काम करत होता. ब्लेडने टेप कापायची, नको तो तुकडा पोत्यात टाकायचा, उरलेली टोकं चिकटवायची. मी चहा घेऊन जायचे आणि तिथेच रेंगाळायचे. एकदा त्याने मान वर न करता विचारलं, एवढं काय बघताय? मी म्हटलं, टेप बघतेय. तर म्हणाला, टेप या बाजूला आहे... मला कानापर्यंत गरम झालं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने मोठ्या हौसेने शेवटचं गाणं ऐकवलं. खोकले गेले होते, खुर्चीची करकर गेली होती. गाणं संपलं — आणि लगेच टाळ्या. दोरीसाठी उचललेला माझा हात तसाच राहिला.

"मधलं कुठे गेलं?"

"मधे काही नव्हतंच. रिकामी टेप होती, कापली."

"त्यात मास्तर होते."

तो हसला. मला समजावू लागला, की एवढा वेळ आवाज आला नाही तर लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. मी म्हटलं, मग पडद्याला दुसरं कुणी बघा. व्यवस्थापक आले, नोकरी जाईल म्हणाले. मी तिथल्या स्टुलावरून उठले नाही, की शब्द मागे घेतला नाही. घरी वहिनीने विचारलं, गेलेल्या माणसापायी हातातल्या नोकरीवर पाणी सोडतेस? मी म्हटलं, हो.

सकाळी गेले तर तो जमिनीवर बसलेला, भोवती पोतंभर तुकडे. एकेक यंत्राला लावून ऐकत होता.

"सगळ्यांवर काहीच नाही," तो हताशपणे म्हणाला. "त्यातलं मास्तरांचं काहीच-नाही कोणतं, ते मला कळत नाही."

मी पदर खोचून शेजारी बसले. एका तुकड्यावर पंखा, एकावर कुणाची कुजबुज. दुपार व्हायला आली तेव्हा एकावर तार विरत जाताना ऐकू आली आणि मग श्वास. एक... दोन... मी त्याचा हात कधी धरला, मलाच कळलं नाही. पाचव्या श्वासाला कुणीतरी नाक ओढलं.

"हे कोण?"

"...मी. मला त्या गाण्याला दर वेळी व्हायचं असं."

त्याने ब्लेड बाजूला ठेवलं.

"हे मी नकोसा आवाज म्हणून कापलं होतं," तो म्हणाला. "आता कुणी सांगितलं तरी कापणार नाही. आणि... रोज ऐकायला मिळालं तर?"

"रोज रडवणार मला?"

"नाही. नुसता श्वास पुरे."

मी हात सोडवून घेतला नाही. त्याला एकाच हाताने टेप चिकटवता येईना, म्हणून दुसरं टोक मी धरलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. गाणं संपलं. व्यवस्थापक घाबरून जागेवरून अर्धवट उठले, पण दुसरं कुणी हललं नाही. सहाशे माणसं एका रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती. मी सात मोजले आणि दोरी ओढली. टाळ्या टेपवरच्या किती आणि खऱ्या किती, ते त्यालाही सांगता आलं नाही.

चार महिन्यांनी आमचं लग्न झालं. टेपच्या डब्यांवरची नावं वाचता यावीत म्हणून मी पन्नाशीनंतर ह्यांच्याकडून अक्षरं शिकले. हे गेल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एका मंगळवारी दुपारी गेले. शहात्तर वर्षांचे होते.